‘मी आले’ ते ‘मी आलो’: एका प्रेमकादंबरीच्या संपादनाचं प्रकरण

प्रेमकादंबरी लिहिणारे नवे लेखक बहुतेक त्याच त्या पाच-सहा ठिकाणी अडखळतात. ते सगळे दोष इथे एकाच संहितेत आणले आहेत. प्रकरण प्रातिनिधिक आहे. लेखिका, तिची पात्रं आणि आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत, पण कामाची रीत आणि क्रम प्रत्यक्षातलाच आहे.

हातात आलं ते काय

१,२४,००० शब्द, ४१ प्रकरणं, पहिलीच कादंबरी. डेमी आकारात एका पानावर साधारण २८० शब्द धरले तर ४४३ पानं होतात, म्हणजे १६ पानी फॉर्म्याच्या (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या) हिशोबाने २८ फॉर्मे. नव्या नावाच्या प्रेमकादंबरीसाठी हा आकार प्रकाशकाला परवडत नाही आणि वाचनालयातला वाचकही तो उचलताना विचार करतो.

गोष्ट २०१९ मधली. सांगलीच्या मार्केट यार्डात वडिलांचं हळदीचं अडत दुकान आहे, म्हणजे शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकून देण्याचं, आणि त्याचे हिशोब नायिका बघते. नायक नागपूरचा, सरकारी बँकेत अधिकारी, बदलीवर सांगलीत आलेला. दोघं भेटतात, प्रेमात पडतात. मग नायिका त्याला एका मुलीबरोबर स्कूटरवर बघते, ती मुलगी त्याची मावसबहीण निघते, मधल्या काळात व्हॉट्सअॅपवरचा एक निरोप वाचायच्या आधीच पुसला जातो, आणि २६,००० शब्द दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. शेवटी पुरात लोकांना वाचवताना नायक वाहून जातो.

भाषा बरी होती. यार्डातली माणसं तर फार चांगली उतरली होती. तोलाईवाला, हमाल, चहाचा पोरगा यांना बोलायला दोन वाक्यं मिळायची, पण ती खरी वाटायची. प्रेमाच्या प्रसंगांत मात्र हीच लेखिका दुसऱ्याच कुणाच्या भाषेत बोलू लागायची.

पहिलं वाचन पेनाशिवाय, दुसरं तक्त्यासह

पहिल्या वाचनात खूण करायची नाही. फक्त कुठे कंटाळा आला आणि कुठे रात्र झाली तरी पान उलटलं, तेवढे पानांचे आकडे शेवटी कागदावर टिपायचे. पेन हातात असलं की माणूस ऱ्हस्वदीर्घ सुधारत बसतो, आणि पुढे जे प्रकरणच कापायचं आहे त्यातली वेलांटी दुरुस्त करण्यात अर्धा दिवस जातो.

दुसऱ्या वाचनाला प्रसंगतक्ता करायचा. प्रत्येक प्रसंगाची एक ओळ, आणि रकाने असे: पान, स्थळ व तारीख, हजर पात्रं, कुणाला काय हवं आहे, प्रसंग संपला तेव्हा काय बदललं. प्रेमकादंबरीसाठी आणखी एक रकाना जोडायचा, दोघं एकमेकांना काय म्हणून हाक मारतात तो. त्याबद्दल पुढे.

या संहितेत ९६ प्रसंग निघाले. ३७ प्रसंगांत ‘काय बदललं’ हा रकाना कोरा राहिला. दोघं समोरासमोर येतात असे प्रसंग फक्त २९. पहिली भेट ४८व्या पानावर, कारण त्याआधीची ११,००० शब्दांची जागा नायिकेचं बालपण, शाळा आणि आजोळ यांत गेली होती. नुसतं ‘रटाळ वाटतं’ असं सांगितलं तर लेखक दुखावतो आणि वाद घालतो. तक्ता समोर ठेवला की तो स्वतःच कोरे रकाने मोजायला लागतो.

अडथळा ४१व्या पानावर पडून होता

प्रेमकथेत दोन माणसं एकत्र येतात की नाही हा प्रश्न नसतो, ती येणार हे मुखपृष्ठ बघूनच कळतं. वाचक वाचतो तो ‘कसं येणार’ यासाठी. म्हणून त्यांच्या मध्ये उभं असलेलं कारण भक्कम लागतं. त्याची एक सोपी परीक्षा आहे: एका फोनवर मिटेल असा अडथळा चालत नाही. इथे फोनही लागला नसता, ‘ती कोण होती?’ एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

लेखिकेचं म्हणणं पडलं की खऱ्या आयुष्यात माणसं अशाच क्षुल्लक गैरसमजांवरून अबोला धरतात. बरोबर आहे, धरतात. पण खऱ्या आयुष्यात तो अबोला आपण २९५ रुपये देऊन विकत घेत नाही. पुस्तकात पात्रांनी न बोलण्याला कारण लागतं, आणि ते कारण पात्राच्या स्वभावातून किंवा त्याच्या कामातून यावं लागतं.

अशा वेळी संपादकाने स्वतःच्या डोक्यातला अडथळा लेखकाच्या गळ्यात मारू नये. आधी संहितेतच शोधावा, बहुधा तो तिथेच कुठेतरी असतो. इथे ४१व्या पानावर एक वाक्य जाता जाता आलं होतं: दुकानाचं कॅश क्रेडिट खातं, म्हणजे मालाच्या तारणावरचं फिरतं कर्ज, नायकाच्याच शाखेत आहे. लेखिकेने ते फक्त योगायोगाची गंमत म्हणून लिहिलं होतं.

आता धंद्याचं गणित बघा. अडत्याच्या गोदामातली हळद सौदा होईपर्यंत शेतकऱ्याची असते, अडत्याची नसते. कॅश क्रेडिट मिळतं ते स्वतःच्या मालावर, आणि दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचं विवरण, द्यावं लागतं. वडील अडचणीत आहेत म्हणून शेतकऱ्यांची पोतीही स्वतःच्या मालात दाखवतात. ते स्टेटमेंट तयार कोण करतं? हिशोब बघणारी नायिका. खात्यात ९० दिवस व्याजाइतकीही जमा झाली नाही तर ते एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं. मे महिन्यापासून जमा थांबली असेल तर ही मुदत ऑगस्टच्या तोंडाशी भरते.

तिकडे नायकाची अडचण वेगळी. ज्या खात्यात स्वतःचा हितसंबंध गुंतला आहे ते अधिकाऱ्याने हाताळायचं नसतं, वरिष्ठांना तसं कळवायचं असतं. पण कळवायचं म्हणजे नातं आहे हे लेखी मान्य करायचं, आणि तेही नायिकेने घरी काही सांगायच्या आधी. नायिकेने खरं बोलावं तर वडील अडकतात. यातलं काहीच एका फोनवर मिटत नाही.

पत्र कसं लिहिलं

संहितेवर लाल रेघा मारून परत पाठवण्याची ही वेळ नव्हती. पाच पानांचं पत्र गेलं आणि त्याचा क्रम ठरलेला होता. पहिलं अर्धं पान काय चांगलं जमलंय याला, तेही नेमकं: ‘तोलाईवाल्याचे सगळे प्रसंग आहेत तसे ठेवा.’ नुसतं ‘छान लिहिता’ म्हणण्याचा उपयोग नाही. लेखकाला काय हात लावायचा नाही हे माहीत नसेल तर तो दुरुस्तीच्या भरात चांगलंच आधी कापतो. मग तीनच मोठे मुद्दे: अडथळा, सुरुवात, शेवट. वाक्यं, संवाद, शुद्धलेखन यांवर या पत्रात एक अक्षरही नाही.

शेवटाचा मुद्दा नाजूक होता. प्रेमकादंबरी या प्रकाराची अमेरिकेतल्या प्रेमकथालेखकांच्या संघटनेने केलेली व्याख्या जगभर चालते, तिला दोनच अटी आहेत: प्रेमकथा मध्यवर्ती हवी आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशादायी हवा. नायक मेला म्हणून कादंबरी वाईट होत नाही, पण मग ती दुसऱ्या प्रकारची कादंबरी होते आणि तिचं मुखपृष्ठ, मजकूर, जाहिरात सगळं तसंच हवं. वाचकाला आंबा सांगून लोणचं देऊ नये. पत्रात दोन्ही वाटा मांडल्या आणि निवड लेखिकेवर सोडली. तिने आशादायी शेवट निवडला. पूर मात्र तिला सोडवेना, आणि तो हट्ट पुढे फार कामाला आला.

दुसऱ्या खर्ड्यात काय बिघडलं

चार महिन्यांनी दुसरा खर्डा आला आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. यात नवल काहीच नाही, रचना हलवली की दुसरा खर्डा बहुधा बिघडतोच, आणि नव्या लेखकाला हे आधीच सांगून ठेवावं. लेखिकेने अडथळा इतका भक्कम केला की तो फुटेना. नायकाला पहिल्या पानापासून खात्याचा संशय आहे, तपासणीसाठीच तो तिच्याशी ओळख वाढवतो, आणि सहा आठवडे तिला काही कळू देत नाही. असा नायक शेवटी रडला तरी वाचक त्याला माफ करत नाही.

दुरुस्ती प्रसंग बदलून नाही, क्रम बदलून झाली. आधी प्रेम, मग फाइल. अकराव्या प्रकरणात शाखेतला एक सहकारी बदलून जातो आणि त्याची खाती नायकाकडे येतात, त्यात हे खातं निघतं. ते कळल्यापासून नायिकेला सांगेपर्यंतचे दिवस सहा आठवड्यांवरून चारवर आणले. गुपित पोटात ठेवल्याचे दिवस खरोखर कॅलेंडरवर मोजावेत. चार दिवस म्हणजे माणसाची घालमेल. सहा आठवडे म्हणजे कावा. आणि नायिकेचं गुपित त्याच्याहून जुनं ठेवलं, म्हणजे चूक एकट्या त्याची राहिली नाही.

पूर कादंबरीच्या शेवटून उचलून ५५,०००व्या शब्दाजवळ आणला, म्हणजे साधारण सत्तर टक्क्यांवर. हरिपूरच्या बाजूच्या गोदामात पाणी शिरतं, पोती भिजतात. आता विम्याच्या दाव्यात लिहावंच लागणार की माल किती होता आणि कुणाचा होता. पहिल्या खर्ड्यात पूर नायकाला मारायला आला होता, आता तो खोटं स्टेटमेंट उघडं पाडायला आला.

मग लेखिकेने नायकाच्या प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज फेडून टाकलं. हे काढायला लावलं. नायकाने नायिकेचं कर्ज फेडलं की प्रेमकथा संपून उपकारकथा सुरू होते. अंतिम खर्ड्यात तो वरिष्ठांना लेखी कळवून फाइल सोडतो आणि बदली पत्करतो. ती शेतकऱ्यांना बोलावून खरं सांगते, आणि दुकान लहान करून परवाना स्वतःच्या नावावर घेते. दोघांनीही आपापली किंमत मोजल्यावरच ती भेटतात.

एका जागी संपादकाचं चुकलं. आजीचं एक संपूर्ण प्रकरण ‘इथे काही बदलत नाही’ म्हणून कापायला सांगितलं होतं. लेखिकेने नकार दिला. पुढे लक्षात आलं की शेतकऱ्यांसमोर खरं बोलण्याचं बळ नायिकेला त्याच प्रकरणातून मिळतं. तक्ता उपयोगी असतो, पण बी कुठे पेरलंय हे तो दाखवत नाही.

पहिला स्पर्श

रचना बसल्यावरच प्रसंगांकडे वळायचं. मूळ संहितेतला पहिला स्पर्श असा होता:

‘तिचा पाय घसरला आणि ती पडणार एवढ्यात त्याने तिला अलगद सावरलं. क्षणभर काळ थांबला. तिच्या काळजाची धडधड त्याला जणू ऐकू येत होती.’

हा पाय मराठीत फार वर्षं घसरतोय. लेखिकेला इतकाच प्रश्न विचारला: तुमच्या यार्डात दोन माणसांचे हात एरवी कशासाठी एकत्र येतात? आजोबांच्या आठवणीत तिने स्वतःच रुमालाखालच्या सौद्याचा उल्लेख केला होता. उघड लिलावाच्या आधीची ती पद्धत, कापडाखाली बोटं दाबून भाव ठरवायचा, शेजारच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. नव्या खर्ड्यात ती नायकाला तो सौदा करून दाखवते:

‘“आणि हा वरचा पाव,” ती म्हणाली. टॉवेलाखाली तिचं बोट त्याच्या तळव्यावर आडवं फिरलं.
“म्हणजे नक्की किती?”
“विचारायचं नसतं. आजोबा म्हणायचे, विचारलं की भाव पडला.”
बाहेर हमालाने पोतं टाकलं. धूळ खाली बसली तरी टॉवेल कुणी उचलला नव्हता.’

काळीज नाही, धडधड नाही. आणि पुढे जेव्हा खात्याचा विषय निघतो तेव्हा ‘विचारलं की भाव पडला’ हे वाक्य परत येऊन बोचतं.

पुढच्या शारीर प्रसंगात उलटा घोळ होता. तिथे लेखिका घाबरून एकदम संस्कृतप्रचुर झाली होती, अधरांना अधर भिडत होते. कारण विचारलं तर, ‘अश्लील म्हणतील.’ ही भीती मराठीत जुनी आहे. चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या कथेवर खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये कथा अश्लील नाही असा निकाल लागला. आज हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ खाली येतो. त्यात साहित्य, कला, विज्ञान यांच्या हितासाठीच्या प्रकाशनाला अपवाद आहे, आणि न्यायालयं एखादं वाक्य सुटं न काढता कृती समग्र बघतात. पण संपादकाचा सल्ला कायद्याचा नसतो, सुसंगतीचा असतो. आधीची तेरा प्रकरणं ज्या भाषेत बोलली त्याच भाषेत हा प्रसंग बोलला पाहिजे. दार लावून घ्यायचं असेल तरी त्याच भाषेत लावावं.

निवेदन दोघांच्या बाजूने आलटूनपालटून होतं, ते ठीक. एका प्रसंगात मात्र एकाच डोक्यात राहायचं. ‘तिला वाटलं’ आणि ‘त्याला वाटलं’ एकाच परिच्छेदात आलं की ताण तिथेच संपतो, कारण वाचकाला दोघांचंही मन कळून चुकतं.

अहो, अरे आणि ‘मी आलो’

आता तो हाकेचा रकाना. इंग्रजीत लिहिणाऱ्याला जे मिळत नाही ते मराठी लेखकाच्या हातात आयतं असतं: तुम्ही आणि तू. मूळ संहितेत ही दोघं पाच वेळा तूवरून तुम्हीवर आणि परत तूवर गेली होती, केवळ लेखिकेचं लक्ष नव्हतं म्हणून. तक्त्यात ते उघडं पडलं. अंतिम खर्ड्यात चौदाव्या प्रकरणापर्यंत दोघं ‘तुम्ही’वर आहेत. फोनवर त्याच्या तोंडून चुकून ‘तू’ जातं आणि ती ते दुरुस्त करत नाही. मग खात्याचं कळल्यावर ती एवढंच म्हणते: ‘स्टॉक कधी तपासायचाय तुम्हाला?’ मूळ खर्ड्यात इथे दीड पानाचं भांडण होतं. ‘तुम्हाला’ हा एक शब्द त्या दीड पानाहून जास्त लागतो.

दुसरी गोष्ट प्रदेशाची. सांगली-कोल्हापूरकडे बायका घरात सर्रास ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. नायिका आईशी तशीच बोलते, पण परगावच्या माणसासमोर जपून ‘मी आले’. लेखिकेने हे कानाने लिहिलं होतं, हेतूने नाही. तिला ते दाखवून दिल्यावर तिने कादंबरीचा शेवट त्यावर उभा केला.

बारीक तपासणी आणि करार

तपासणीत निघालेल्या चुका: पूर जुलैत दाखवला होता, तो ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातला. नायक दुसऱ्या शनिवारी काउंटरवर होता, पण २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार बँका बंद असतात. रेल्वेने सांगली ते नागपूर तो चार तासांत पोचत होता, लागतो जवळपास पूर्ण दिवस. यातली एकही चूक कथेला मारत नाही. पण बँकेतला वाचक त्या शनिवारी जो उठतो तो पुन्हा बसत नाही.

प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर सिनेगीताच्या ओळी होत्या, एकूण ४१ ठिकाणी. त्या सगळ्या काढल्या. गीतकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क शाबूत असतो. समीक्षेसाठी ओळ उद्धृत करणं वेगळं, सजावटीला वापरणं वेगळं. तिथे हक्कधारकाची लेखी परवानगी लागते.

संहिता जुन्या फाँटमध्ये होती, युनिकोडमध्ये आणताना ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे ऱ्य-ऱ्हचे शब्द सगळीकडे फुटले. रूपांतर झाल्यावर या जोडाक्षरांचा स्वतंत्र शोध घ्यावा, डोळा त्यांच्यावरून घसरतो.

कराराबाबत लेखिकेला चार गोष्टी सांगितल्या. स्वामित्व हक्क हस्तांतराच्या करारात मुदत लिहिली नसेल तर कायद्याच्या कलम १९ नुसार ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. दोन्ही लिहूनच घ्या. रॉयल्टी छापील किमतीवर आहे की सूट वजा जाता, ते विचारा. श्राव्य आवृत्ती, चित्रपट, मालिका आणि भाषांतर यांचे हक्क ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांत वाहून जाऊ देऊ नका, एकेक नाव घेऊन वेगळे लिहा. छपाईचा खर्च लेखकाकडे मागितला जात असेल तर ती सेवा आहे, प्रकाशन नव्हे. सेवा घ्यायला हरकत नाही, पण मग हक्कही देऊ नयेत.

हिशोब

कापलेले शब्द ५८,०००: बालपण ११,०००, गैरसमज २६,०००, मैत्रिणीच्या लग्नाचं उपकथानक १४,०००, ओळीओळीतली काटछाट ७,०००. नव्याने लिहिलेले १२,०००. शिल्लक ७८,००० शब्द, ३० प्रकरणं, सुरुवातीची ८ पानं धरून १८ फॉर्मे. प्रसंग ९६ वरून ६४, आणि दोघं समोरासमोर असलेले २९ वरून ४१. पहिली भेट आठव्या पानावर. पहिल्या वाचनापासून छपाईपर्यंत चौदा महिने.

शेवटच्या प्रुफात एक गंमत झाली. अखेरच्या पानावर नायिका नायकाच्या बदलीच्या गावी, सोलापूरच्या बसस्टँडवर उतरते, तो दिसत नाही, फोन लावते आणि म्हणते, ‘मी आलो.’ मुद्रितशोधकाने इमानेइतबारे लिंग दुरुस्त करून ‘मी आले’ केलं होतं. चूक त्याची नव्हती. शैलीपत्रकात, म्हणजे पुस्तकात काय कसं लिहायचं याच्या यादीत, शुद्धलेखनाची दीड पानं होती, ही नोंदच राहून गेली होती. दुरुस्तीवर आडवी रेघ मारून समासात लिहिलं: ‘मूळ आहे तसंच ठेवा.’ आणि शैलीपत्रकात एक ओळ वाढवली.